ढगाखालचं रान

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ओसरल्यावर मी गावी गेले, तेव्हा लॅपटॉपमध्ये आमच्या भागाची एक रडार प्रतिमा घेऊन गेले होते. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांपर्यंत चढलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची. घराच्या भिंतींवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती, अंगणात भिजलेल्या गाद्या पडल्या होत्या, आणि आई ओट्यावर बसून धान्यातलं काही वाचतंय का ते निवडत होती. मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. पदराने चष्मा पुसून तिने पाहिलं आणि म्हणाली, "हे काय गं, रान जळलंय व्हय?"

काळं दिसतंय ते पाणी आहे, असं मी सांगितलं. एवढ्या सूचनेवर तिने पुढचं सगळं स्वतःच लावलं. ओढ्याचं वळण सापडलं, त्यावरून गावठाण सापडलं, गावठाणावरून देवळाचा माळ. मग तिचं बोट आमच्या शेतावर येऊन थांबलं. "हे तर पांढुरकंच हाय. आपल्या उसात छातीएवढं पाणी हुतं. तुझं यंत्र खोटं बोलतंय."

यंत्र खोटं बोलत नव्हतं आणि आई तर नव्हतीच. दोघांचं एकाच वेळी बरोबर कसं, ते मला माहीत होतं. गेली वीस वर्षं मी याच प्रतिमा वाचून पोट भरते आहे. पण त्या ओट्यावर बसून मला ते मराठीत धड सांगता आलं नाही. जी वाक्यं सुचली ती सगळी प्रयोगशाळेतली होती. हे पुस्तक त्या दिवशी देता न आलेल्या उत्तरातून निघालं आहे. उत्तर लांबलं, हे मान्य. पण ते सांगायचं तर आधी रडार उपग्रह म्हणजे काय, तो कुणाला सुचला आणि तो नक्की काय 'बघतो', हे सांगावं लागतं.

उपग्रहाचं चित्र म्हटलं की आपल्याला वरून काढलेला फोटो आठवतो. निळा समुद्र, हिरवं रान, राखाडी शहर. हा फोटो काढणारा कॅमेरा उन्हावर जगतो. जमिनीवर पडलेलं ऊन परत वर येतं, ते तो गोळा करतो. रात्री त्याला काम नाही आणि ढगाळ दिवशी त्याला फक्त ढग दिसतात. जिथे वर्षभर निरभ्र आकाश असतं तिथे हे चालून जातं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे नेमकं जेव्हा शेतात पीक असतं, नदीला पूर असतो आणि डोंगर सुटत असतात, तेव्हाच हा कॅमेरा आंधळा होतो. अख्खा खरीप त्याच्यासाठी पांढरा कापूस आहे.

रडार उपग्रह उन्हाची वाट बघत नाही. तो स्वतःच रेडिओलहरींचे छोटे छोटे ठोके जमिनीवर सोडतो आणि परत काय येतं ते ऐकत राहतो. काही सेंटीमीटर लांबीच्या या लहरी ढगांतून सहज आरपार जातात. चैत्रात माठ घ्यायला गेलेली बाई माठाचा रंग बघत बसत नाही, बोटाने वाजवून बघते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. रडार पृथ्वी अशी वाजवून बघतो. म्हणून त्याने दिलेल्या प्रतिमेत रंग नसतो, सावली उन्हाची नसते, आणि जे दिसतं त्याला 'दिसणं' म्हणणंही तसं सैलच. कुठून किती उत्तर आलं, याची ती नोंदवही आहे.

नोंदवही वाचायचे नियम फार नाहीत. रडार सरळ खाली बघत नाही, एका बाजूला तिरपा बघतो. सरळ खाली बघितलं तर डावीकडचा आणि उजवीकडचा सारख्याच अंतरावरचा ठिपका एकाच क्षणी उत्तर देईल, आणि कोण कुठला हे कळणार नाही. तिरप्या गेलेल्या लहरीला संथ पाणी आरशासारखं लागतं. ती पलीकडे निसटून जाते, परत काहीच येत नाही, म्हणून पाणी काळं. इमारतीची भिंत आणि तिच्यापुढची जमीन यांचा काटकोन होतो. कॅरमची सोंगटी कोपऱ्यात दोनदा आपटून आलेल्या वाटेने परतावी तशी लहर थेट उपग्रहाकडे फिरते, म्हणून शहर लखलखीत पांढरं. नांगरलेलं रान, झुडपं, पिकं या लहरी इकडेतिकडे उधळतात. त्यातलं थोडं परत येतं, म्हणून करड्या छटा. समुद्रावर तेल सांडलं की बारीक लाटा दबतात, पाणी गुळगुळीत होतं आणि तवंग काळ्या डागासारखा उठून दिसतो. शिवाय साऱ्या प्रतिमेवर बारीक रवा सांडल्यासारखी कणी असते. नवखे विद्यार्थी तिला बिघाड समजतात. तो या पद्धतीचा स्वभाव आहे.

या तंत्राचं इंग्रजी नाव सिंथेटिक अपर्चर रडार. आद्याक्षरं जोडून आमच्या क्षेत्रात सगळे त्याला 'सार' म्हणतात. "सारचा डेटा आला का?" हे वाक्य घरी फोनवर बोलले की आईला अजून आमसुलाचं सार आठवतं. मला हा योगायोग आवडतो, कारण या तंत्राचं खरोखरीचं सार त्या 'सिंथेटिक' शब्दात आहे. तिथे जरा थांबायला हवं.

कुठल्याही रडारची नजर किती बारीक, हे त्याचा अँटेना किती लांब यावर ठरतं. अमेरिकेचा सीसॅट हा 1978 सालचा उपग्रह घ्या. त्याच्या लहरीची लांबी 23.5 सेंटीमीटर, अँटेना पावणेअकरा मीटरच्या आसपास, आणि जमिनीपर्यंतचं तिरपं अंतर साडेआठशे किलोमीटरच्या घरात. साधा हिशेब केला तर त्याच्या एका ठिपक्याची रुंदी येते सुमारे 19 किलोमीटर. म्हणजे सांगली आणि मिरज मिळून एकच ठिपका. हा ठिपका 25 मीटरवर आणायचा तर अँटेना 8 किलोमीटर लांब हवा. असा अँटेना अवकाशात कोण नेणार?

कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याला 1951 मध्ये यातून वाट सापडली. तो नोकरीला होता गुडइयरच्या विमानविभागात. हो, टायरवाली गुडइयर. त्याच्या ध्यानात आलं की अँटेना लांब नसला तरी तो चालतो आहे. विमान किंवा उपग्रह पुढे सरकताना जमिनीवरचा एकच दगड हजारो ठोक्यांना उत्तर देतो. समोर येताना त्याच्या उत्तराचा सूर किंचित चढा असतो, मागे पडताना किंचित उतरलेला. फाटकाशी उभं राहून जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी ऐकावी तसा. ही सगळी उत्तरं नीट साठवून नंतर गणिताने एकत्र जुळवली, तर छोट्या अँटेनाने चाललेली सगळी वाट हाच एक लांबलचक अँटेना होतो. 8 किलोमीटरचा अँटेना न्यायचा नाही, 8 किलोमीटर चालून तो तयार करायचा. उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर पळतो, म्हणजे काम सेकंदाभराच्या आतबाहेरचं. मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी हिशेब फळ्यावर पुरा झाला की मलाच पुन्हा गंमत वाटते.

सीसॅटने खरोखरच 25 मीटरच्या बारकाईने समुद्र आणि किनारे टिपले. वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने तो जेमतेम साडेतीन महिन्यांत बंद पडला. त्याला पाणबुड्यांचा माग दिसू लागला म्हणून लष्करानेच त्याचा गळा दाबला, अशी अफवा तेव्हापासून फिरते आहे. अफवा रंगतदार आहे, यापलीकडे तिच्यात काही नाही.

लोकांना या तंत्राची खरी चुणूक दिसली ती 1981 च्या नोव्हेंबरमध्ये. कोलंबिया या अवकाशयानाच्या दुसऱ्या उड्डाणात एक रडार बसवला होता. पाच दिवसांची मोहीम इंधन घटातल्या बिघाडामुळे दोन दिवसांत आटोपावी लागली. तेवढ्यात इजिप्त आणि सुदानच्या सीमेवरच्या वाळवंटाची एक पट्टी टिपली गेली. तिथे उभं राहिलं तर क्षितिजापर्यंत सपाट वाळूशिवाय काही नाही. प्रतिमेत मात्र नद्या होत्या: रुंद पात्रं, उपनद्या, फाटे. कोरड्या वाळूचा मीटर-दोन मीटरचा थर ओलांडून लहरी खालच्या खडकापर्यंत पोचल्या होत्या आणि सहारात पाऊस पडत होता त्या काळातली पात्रं वर आणून त्यांनी दाखवली होती. शास्त्रज्ञांनी नंतर तिथे जाऊन खोदून खात्री केली. अट एकच: वाळू अगदी कोरडी हवी. ओल्या जमिनीत लहर वरच्या वरच अडते. 'उपग्रहाला जमिनीखालचं दिसतं' म्हणून विहिरीची जागा दाखवून पैसे घेणारे भेटले, तर ही अट त्यांना जरूर ऐकवा.

दहा वर्षांनी, जुलै 1991 मध्ये, युरोपने ईआरएस-1 हा उपग्रह सोडला आणि रडारचं दुसरं अंग पुढे आलं. परत आलेली लहर किती जोरात आली हे तर रडार मोजतोच. ती आपल्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर असताना परतली, हेही मोजतो. याला कला म्हणतात. त्याच जागेवरून, पण काही आठवड्यांच्या अंतराने दोन प्रतिमा घेतल्या आणि त्यांच्या कला एकमेकींतून वजा केल्या, तर जमीन मधल्या काळात किती हलली ते कळतं. 28 जून 1992 रोजी कॅलिफोर्नियातल्या लँडर्स इथे 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. फ्रान्सच्या दिदिए मासोने आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आधीची आणि नंतरची प्रतिमा अशी जुळवली. आलेल्या नकाशावर भेगेभोवती रंगांची वलयं होती, लाकडाच्या कापावर असतात तशी. एक वलय म्हणजे उपग्रहाच्या दिशेने 2.8 सेंटीमीटर सरकणं. आठशे किलोमीटरवरून बोटाच्या पेराएवढी हालचाल मोजता आली होती. 1993 मध्ये 'नेचर'ने ते चित्र मुखपृष्ठावर छापलं.

याच पद्धतीने आता शहरं मोजली जातात. मेक्सिको सिटीचे काही भाग वर्षाला अर्ध्या मीटरपर्यंत खचतात. आपल्याकडे 2022 मध्ये, आयआयटी मुंबईतल्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात, दिल्ली विमानतळाजवळच्या कापसहेडा भागाची जमीन आधी वर्षाला 11 आणि नंतर 17 सेंटीमीटरपर्यंत खचत असल्याचं दाखवलं गेलं. कारण भूजलाचा उपसा. तिथे राहणाऱ्याला हे पायाखाली जाणवत नाही. भिंतीला तडा गेला की तो गवंड्याला बोलावतो.

भारताची या क्षेत्रातली सुरुवात कुठल्याही मुंबईकराला विसरता येणार नाही अशा घटनेशी बांधलेली आहे. आपला स्वतःचा रडार उपग्रह इस्रोत आकार घेत होता, पण वेळ लागत होता. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर थांबायला कुणी तयार नव्हतं. इस्रायली बनावटीचा रडार असलेला रिसॅट-2 हा 20 एप्रिल 2009 रोजी, म्हणजे रिसॅट-1 च्या तीन वर्षं आधी उडाला. क्रमांक उलटे का, असं परीक्षेत हमखास विचारतात. उत्तर हे आहे. स्वदेशी रिसॅट-1 हा 26 एप्रिल 2012 ला गेला. 1858 किलोंचा, तेव्हा पीएसएलव्ही रॉकेटने उचललेला सर्वांत वजनदार उपग्रह. रडारला वीज भरपूर लागते, म्हणून त्याची कक्षा अशी निवडली होती की सौरपाती जवळजवळ कायम उन्हात राहावीत. तो विषुववृत्त ओलांडायचा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. त्याचा वारसा फेब्रुवारी 2022 मध्ये ईओएस-04 ने घेतला. पुढचा ईओएस-09 मे 2025 मध्ये रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने गमावला.

ईओएस-04 चं एक काम मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक या हिमनदीच्या सरोवराचं क्षेत्र 28 सप्टेंबर 2023 च्या प्रतिमेत 167 हेक्टरांच्या वर भरलं. 3 ऑक्टोबरच्या रात्री सरोवराचा बांध फुटला, पाणी तीस्तेत उतरलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. 4 तारखेच्या सकाळी सहा वाजता युरोपच्या सेंटिनेल-1 ने तोच भाग टिपला: उरलं होतं 60 हेक्टर. आकडे चोख आहेत, प्रतिमा चोख आहेत, आणि धरणाखाली झोपलेल्या माणसाला त्यांतलं काही वेळेवर कळलं नाही. हा दोष उपग्रहाचा नाही, पण तो कुणाचाच नाही असंही नाही.

आता निसार. नासा आणि इस्रो यांचा हा जोडउपग्रह 30 जुलै 2025 रोजी संध्याकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून गेला. करार 2014 चा, म्हणजे उडायला अकरा वर्षं लागली. शेवटी तर त्याचा अँटेना खास लेप द्यायला पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवावा लागला होता. हा अँटेना म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेची 12 मीटर व्यासाची जाळी, 9 मीटरच्या दांड्याच्या टोकाला, छत्रीसारखी मिटवून नेलेली. ती 15 ऑगस्टला अवकाशात उघडली. निसारवर दोन रडार आहेत: नासाचा 24 सेंटीमीटर लहरीचा आणि इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात तयार झालेला, सुमारे साडेनऊ सेंटीमीटर लहरीचा. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवर परततो.

लहर 24 सेंटीमीटरची असो की साडेपाचची, फरक काय पडतो? आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

2019 ची ती प्रतिमा सेंटिनेल-1 ची होती. त्याच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटीमीटर. लहर साधारण स्वतःच्या लांबीएवढ्या किंवा मोठ्या आकाराच्या वस्तूंना अडखळते. वर्षभराचा आडसाली ऊस म्हणजे दोन पुरुष उंचीची पानांची गर्दी. साडेपाच सेंटीमीटरची लहर त्या पानांतच अडकली आणि तिथूनच परत फिरली. खाली छातीएवढं पाणी होतं, पण तिथपर्यंत ती पोचलीच नाही. शेजारचं सोयाबीन पूर्ण बुडालं होतं, म्हणून ते काळं. आमचा ऊस पाण्यात उभा होता, म्हणून तो पांढुरका. 24 सेंटीमीटरची लहर पानांना फारशी दाद देत नाही, खाली उतरते. आणि तिथे आणखी एक गंमत होते. उसाच्या उभ्या कांड्या आणि खालचं पाणी यांचा काटकोन होतो, शहरातल्या भिंतीसारखा, त्यामुळे पाण्यातला ऊस नेहमीपेक्षा जास्तच उजळ दिसू शकतो. म्हणजे एकाच पुराची खूण एका शेतात काळी, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात पांढरी.

ज्याला तो पट्टा उसाचा आहे हे माहीत नाही, तो नुसता काळा भाग मोजतो आणि पुराचं क्षेत्र कमी सांगतो. पंचनाम्याच्या कागदाशेजारी असा नकाशा ठेवला गेला, तर पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला 'उपग्रहात तुमचं शेत कोरडं दिसतंय' हे ऐकावं लागेल. हे मी कल्पनेने लिहीत नाही. एका बैठकीत हेच वाक्य मी ऐकलं आहे, आणि बोलणारा माणूस प्रामाणिक होता. त्याला नकाशा वाचता येत होता, रान वाचता येत नव्हतं. या पुस्तकात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आहे: रडारची प्रतिमा अर्धी वरून येते, उरलेली अर्धी त्या जमिनीवर वावरलेल्या माणसाकडे असते. भंडारा-गोंदियात लावणीच्या वेळी चिखलणी केलेली खाचरं आधी काळी दिसतात आणि भात वाढेल तशी उजळत जातात, त्यावरून ढगांखालच्या भाताचं क्षेत्र मोजता येतं. पण यंदा तिथे लावणी कधी झाली, हे तिथल्या माणसाला विचारावंच लागतं.

जे जमत नाही तेही इथेच सांगून टाकते. निसार उडाला त्याच तारखेला, अकरा वर्षांपूर्वी, 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण हे गाव डोंगराखाली गेलं. त्यामुळे उड्डाणाच्या दिवशी मला अनेकांनी विचारलं, आता माळीण टळेल का? हळूहळू, महिनोन्‌महिने सरकणारा उतार रडारला पकडता येतो. माळीणसारखा कडा काही मिनिटांत सुटतो. बारा दिवसांनी येणाऱ्या पाहुण्याला तो सापडेलच असं नाही. शिवाय तिरप्या नजरेमुळे सह्याद्रीचे खडे उतार प्रतिमेत एकमेकांवर कलंडतात आणि पलीकडची बाजू रडारच्या सावलीत जाते. भूकंपाचं भाकीतही हा उपग्रह करत नाही. झाल्यावर जमीन कुठे किती हलली ते सांगतो. ज्या बातम्यांनी याहून जास्त वचन दिलं, त्यांनी उपग्रहावर अन्याय केला.

पुढची प्रकरणं सलग वाचायची गरज नाही. गणिताचं तिसरं प्रकरण कंटाळवाणं वाटलं तर खुशाल सोडा. पूर, भात आणि ऊस यांची प्रकरणं मात्र सोडू नका. आणि पुढचं पान उलटण्याआधी एक काम करा. सेंटिनेल-1 च्या 2014 पासूनच्या प्रतिमा युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावर कुणालाही मिळतात. नाव नोंदवावं लागतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या गावाची मे महिन्यातली एक आणि ऑगस्टमधली एक प्रतिमा उतरवून घ्या, शेजारी शेजारी छापा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा. काळं म्हणजे पाणी, एवढंच सांगा. ते चूक काढतील. ती चूक तारीख घालून लिहून ठेवा आणि मला पाठवा. पुढच्या आवृत्तीत मला ती हवी आहे.